घर सोडल्यावर घडलेली चव : न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीची कहाणी

न्यूयॉर्कमधल्या कुठल्याही जुन्या ज्यू 'डेली'चे खाद्यपत्रक उघडावे, त्यात थोड्याफार फरकाने तेच पदार्थ सापडतात. राय नावाच्या धान्याच्या पावात गोमांसाच्या पातळ कापांची चळत रचून केलेले पास्ट्रामीचे किंवा कॉर्न्ड बीफचे सँडविच. मात्झो म्हणजे वल्हांडण सणाची बिनखमिराची पातळ भाकरी. तिच्या चुऱ्याचे गोळे सोडलेले कोंबडीचे सूप. बटाट्याचे सारण भरलेला क्निश, बटाट्याच्या किसाचे तळलेले लाटके, कोंबडीच्या चिरलेल्या काळजाचा गोळा आणि टेबलावर न मागता येणाऱ्या खारवलेल्या काकड्या. अमेरिकन ज्यू माणसाला बरे नसले, घरी कोणी गेले किंवा फार दिवसांनी भाऊबहिणी एकत्र आले की याच पदार्थांची आठवण निघते. हे आमच्या आजीचे, पोलंड-रशियातल्या गावातून आलेले अन्न, अशी त्यामागची भावना असते.

ही भावना खरी आहे, पण तिच्यातला इतिहास अर्धाच खरा आहे. सूप, मासा, बटाटा आणि खारवलेली काकडी गावाकडून आली. डेलीची खरी ओळख असलेले मांसाचे सँडविच मात्र त्या आजीने गावात असताना बहुधा कधी पाहिलेही नव्हते. स्थलांतरितांनी बोटीतून सोबत आणली ती मुख्यतः खाण्यापिण्याची बंधने. ती बंधने आणि नव्या शहरातला बाजार यांच्या घर्षणातून जे तयार झाले, त्याला पुढच्या पिढ्या 'घरची चव' म्हणू लागल्या. ते कसे घडले आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, ते येथे पाहायचे आहे.

नियमांचे स्वयंपाकघर

ज्यू धर्मशास्त्राने विहित ठरवलेल्या अन्नाला 'कोशेर' म्हणतात. डुक्कर वर्ज्य, खवले आणि पर नसलेले जलचर वर्ज्य, रक्त वर्ज्य. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवण्याची मनाई तोराह या धर्मग्रंथात तीनदा आलेली आहे. धर्मपंडितांनी तिचा विस्तार करून मांस आणि दूध यांची पूर्ण फारकत केली. दोन्ही एका पंगतीत येत नाहीत, त्यांची भांडीही वेगळी. मासे, भाज्या, धान्य, अंडी हे मात्र तटस्थ, कोणाबरोबरही चालणारे. याशिवाय शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, अन्न शिजवायचे नाही.

या चौकटीचा परिणाम प्रत्येक प्रदेशात वेगळा झाला. पूर्व युरोपच्या थंडीत तळणीला काय वापरायचे हा मोठा प्रश्न होता. शेजारच्या ख्रिस्ती घरांत डुकराची चरबी चाले. ती इथे निषिद्ध. ऑलिव्हचे झाड त्या हवेत येत नाही. लोणी मांसाबरोबर चालत नाही. उरली कोंबडीची किंवा गूज या बदकाच्या जातीच्या मोठ्या पक्ष्याची चरबी. ती कांद्याबरोबर कढवून जे तूप निघते ते 'श्माल्ट्स'. डेलीतल्या निम्म्या पदार्थांचा वास या तुपाचा असतो. शब्बाथला गरम जेवण हवे, पण चूल पेटवता येत नाही. म्हणून घेवडा, जव, बटाटे आणि मांसाचा तुकडा घातलेले भांडे शुक्रवारी दुपारीच भट्टीत ठेवायचे आणि शनिवारी दुपारी काढायचे. हा 'चोलन्ट'. शब्बाथला नको असलेला भाग वेचून काढणे हेही काम मानले जाते, मग माशाचे काटे कसे काढणार? आदल्या दिवशीच काटे काढून, मासा कांद्याबरोबर वाटून त्याचे गोळे शिजवून ठेवायचे. 'गेफिल्टे फिश'च्या लोकप्रियतेचे हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण साधे आहे : एका माशात पाव आणि अंडे मिसळले की घरातल्या सगळ्यांना पुरतो.

मराठी वाचकाला या तर्काची ओळख करून द्यायची फारशी गरज पडू नये. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. मांसाबरोबर दूध नको हा नियम त्यांच्याकडेही होता. पण अलिबाग-पेणच्या परिसरात नारळ होता. त्यामुळे मटणाच्या रश्शात नारळाचे दूध आले आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच झाला. वोल्हिनियातल्या घरात पक्ष्याची चरबी आणि रायगडातल्या घरात नारळ, दोन्हींमागे नियम एकच. बेने इस्राएल माणूस न्यूयॉर्कच्या डेलीत गेला तर ताटातले काहीच त्याच्या ओळखीचे नसेल. मांसाच्या ताटाशेजारी लोणी का नाही, एवढे मात्र त्याला कोणी समजावून सांगायला नको.

गावातले ताट

एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यात ज्यूंना राहण्याची सक्ती होती. तिथल्या छोट्या बाजारगावांतले रोजचे जेवण म्हणजे राय धान्याचा पाव, कांदा, बटाटा, बिटाचे किंवा कोबीचे आंबट सार आणि पिंपातला खारवलेला हेरिंग मासा. बटाटाही तसा नवाच. पूर्व युरोपात तो सर्रास पिकू लागला अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर. आज हनुक्का सणाशी अतूट मानला जाणारा बटाट्याचा लाटका म्हणूनच फार प्राचीन असू शकत नाही.

मांस शुक्रवारी रात्री आणि सणाला, तेही ऐपत असेल तर. ते महाग असण्याचे एक कारण सरकारी होते. कोशेर मांसावर 'कोरोब्का' नावाचा कर बसवलेला असे आणि त्याची वसुली मक्त्याने दिली जाई. धर्मनियम पाळणारा गरीब माणूस आपल्या श्रद्धेपोटी प्रत्येक पौंडामागे जास्त पैसे मोजत होता. मांस म्हणजे प्रतिष्ठा, आणि मांस म्हणजे अन्यायाची आठवणही, असे हे दुहेरी नाते स्थलांतरित आपल्याबरोबर घेऊन आले.

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि ज्यूंविरोधी दंगलींची लाट उसळली. तेव्हापासून १९२४ च्या कायद्याने अमेरिकेची दारे जवळजवळ बंद होईपर्यंत वीस लाखांहून अधिक पूर्व युरोपीय ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले बहुसंख्य प्रथम उतरले ते मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या चाळींत.

दोन प्रकारची दुकाने

'डेलिकॅटेसन' हा शब्द जर्मन. त्याचे मूळ फ्रेंच, अर्थ चोखंदळ खाद्यवस्तू. न्यूयॉर्कमध्ये अशी दुकाने आधी काढली जर्मन स्थलांतरितांनी. त्यांत हॅम, सॉसेज, चीज, लोणची सगळे एकत्र मिळे. ज्यू दुकानदारांनी ही कल्पना उचलली, पण ती तशीच वापरणे त्यांना शक्य नव्हते. डुक्कर गेले. आणि मांस-दुधाच्या फारकतीमुळे एका दुकानाची दोन झाली. मांस विकणारे ते डेलिकॅटेसन. खारवलेले व धुरावलेले मासे, मलईचे चीज, लोणी विकणारे ते 'ॲपेटायझिंग स्टोअर'. हा प्रकार न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीबाहेर फारसा कुठे आढळत नाही. जोएल रस याने १९०७ च्या सुमारास हेरिंग विकायला सुरुवात केली, १९१४ मध्ये दुकान थाटले आणि पुढे आपल्या तीन मुलींना भागीदार करून पाटीवर 'रस अँड डॉटर्स' असे लिहिले. पाट्यांवर 'अँड सन्स' लिहिण्याच्या काळातली ही गोष्ट. ते दुकान आजही ह्यूस्टन स्ट्रीटवर मासेच विकते. पास्ट्रामी हवी असेल तर त्याच रस्त्याने पुढे कॅट्झच्या डेलीत जावे लागते. गिऱ्हाइकाला जी दोन दुकानांची परंपरा वाटते, ती मुळात पाकशास्त्राची नव्हे, धर्मशास्त्राची विभागणी आहे.

डेलीत कोणते मांस विकायचे, हेही नियमाने ठरवले. जनावराच्या मागच्या भागातली मांडीची मोठी शीर खाण्यास मनाई आहे. ती आणि तिथली निषिद्ध चरबी काढणे फार कौशल्याचे व वेळखाऊ काम. म्हणून अमेरिकेतला कोशेर खाटीक मागचा अर्धा भाग सरळ इतरांना विकून टाकी आणि पुढचा ठेवी. मऊ, महागडे तुकडे प्रामुख्याने मागच्या भागात. पुढच्या भागात छाती, पोटाकडचा थर, जीभ. हे चिवट आणि चरबीदार मांस. त्याला मऊ करण्याचे उपाय दोनच : दिवसच्या दिवस मिठाच्या पाण्यात मुरवणे आणि तासन्‌तास शिजवणे.

पास्ट्रामीची कुळकथा इथे जुळते. तुर्की 'बास्तिर्मा' म्हणजे मीठ लावून, दाबून, वर मेथीच्या पिठाचा लेप देऊन वाळवलेले मांस. ऑटोमन साम्राज्याबरोबर ते बाल्कन प्रदेशात गेले. रोमानियात त्याचे 'पास्त्रामा' झाले आणि तिथले ज्यू ते बहुधा गूज पक्ष्याच्या मांसाचे करीत. न्यूयॉर्कमध्ये आलेल्या रोमानियन ज्यूंना तो पक्षी महाग आणि गाईच्या पोटाकडचा थर स्वस्त पडला. मग तोच संस्कार गोमांसावर झाला : मीठ, साखर, सोरा आणि लसणाच्या पाण्यात मुरवायचे, वर भरडलेले धणे आणि मिरी थापायची, धुरावायचे आणि शेवटी वाफवायचे. कॉर्न्ड बीफला धूर नसतो. ते मुरवून उकडतात. पहिले पास्ट्रामी सँडविच कोणी विकले याबद्दल डेलीवाल्यांच्या घराण्यांत जुना वाद आहे. तो सुटला नाही तरी बिघडत नाही. पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर याच शहरात आकाराला आला, एवढे स्पष्ट आहे. त्याला इकडच्या कत्तलखान्यांतून येणारे स्वस्त गोमांस लागत होते, आणि ते गावाकडे नव्हते.

मे १९०२

'स्वस्त' हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. १९०२ च्या वसंतात शिकागोच्या बड्या मांस कंपन्यांच्या संगनमताने भाव चढले आणि न्यूयॉर्कमधले कोशेर मांस पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेले. आधी किरकोळ खाटकांनी घाऊक व्यापाऱ्यांविरुद्ध दुकाने बंद ठेवली. काही दिवसांत फारसे पदरात न पडता ती उघडली. मग बायका रस्त्यावर आल्या.

या बहुतेक गृहिणी होत्या, पदरी मुले असलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या. त्यांनी घरोघरी फिरून बहिष्काराची हाक दिली. १५ मे रोजी लोअर ईस्ट साइडच्या रस्त्यांवर हजारोंचा जमाव उतरला. खाटकांच्या दुकानांत शिरून मांस रस्त्यावर फेकले गेले, त्यावर रॉकेल ओतले गेले. गिऱ्हाइकांच्या हातातली पुडकी हिसकावली गेली. पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि सत्तरच्या आसपास स्त्रियांना अटक झाली. दोन दिवसांनी शनिवारी बायका प्रार्थनामंदिरांत गेल्या आणि तोराहचे वाचन थांबवून त्यांनी पुरुषांसमोर आपले गाऱ्हाणे मांडले. न्याय मिळत नसेल तर वाचन थांबवण्याचा हक्क समाजातल्या कोणालाही असतो, ही जुनी रूढी; तिचा वापर बायकांनी बाजारभावासाठी केला. आंदोलन ब्रुकलिन आणि ब्राँक्समध्ये पसरले. जूनच्या सुरुवातीला भाव १४ सेंटवर आला.

या बायकांना पास्ट्रामी नको होती. त्यांना शुक्रवारच्या रात्रीसाठी मांसाचा एक तुकडा हवा होता. नव्या देशात आल्यावर तरी शब्बाथला मांस मिळावे ही त्यांची अपेक्षा होती, आणि ते कोशेर नसलेल्या दुकानातून आणण्याचा पर्याय त्यांनी स्वतःला ठेवला नव्हता. डेलीच्या इतिहासात दुकानदारांची नावे येतात, सँडविचच्या उंचीची वर्णने येतात. पण मांस हे या समाजाचे 'मनाला धीर देणारे अन्न' का झाले, याचे उत्तर मला त्या मे महिन्यात अधिक स्पष्ट दिसते.

श्रद्धेचा बाजार मांडला की लबाडीही येते. १८८८ मध्ये विल्नाहून रब्बी जेकब जोसेफ यांना न्यूयॉर्कचे मुख्य धर्मगुरू म्हणून आणले गेले. कोशेर कोंबडीला शिशाची मोहर लावायची आणि तिचा खर्च गिऱ्हाइकाकडून सेंटभर घ्यायचा, अशी योजना निघाली. लोकांना लगेच झारचा कोरोब्का आठवला आणि योजना बुडाली. १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कोशेर नसलेले मांस कोशेर म्हणून विकणे हा गुन्हा ठरवला. त्याविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९२५ मध्ये हरल्या.

आजीची नव्हे, नातवांची डेली

सुरुवातीच्या काळात डेलीकडे बरेच लोक संशयाने पाहत. समाजसुधारकांना लोणच्यांनी आणि मसालेदार मांसाने मुलांची पोटे बिघडतील असे वाटे, आणि बायको स्वयंपाक टाळते म्हणून डेलीचे जेवण येते असा टोमणाही असे. डेलीची खरी भरभराट झाली ती दुसऱ्या पिढीच्या काळात, ब्रुकलिन आणि ब्राँक्सच्या नव्या वस्त्यांत. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क शहरात कोशेर डेलींची संख्या दीड हजाराच्या घरात होती. शनिवारी रात्री शब्बाथ संपला की घरात शिजवलेले काही नसे. तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावरची डेली गजबजून जाई. प्रार्थनामंदिरात न जाणारा तरुणही तिथे हमखास भेटे. ज्यू असणे आता पोथीत कमी आणि बशीत अधिक दिसू लागले होते.

नाट्यगृहांच्या परिसरातल्या डेलींनी पुढची पायरी गाठली. तिथे सँडविच इतके उंच झाले की तोंडात मावेना, आणि कोशेर नियम गळून 'कोशेर-धर्तीचे' असा शब्द आला. मांसावर चीज वितळवलेले सँडविच तिथे बिनदिक्कत मिळू लागले; ज्या नियमामुळे दुकानाचा जन्म झाला तोच नियम त्यात मोडलेला. १८८८ पासूनचा वारसा सांगणारी प्रसिद्ध कॅट्झची डेलीही कोशेर नाही.

हाच प्रकार न्याहारीच्या ताटात. बेगल हा उकळत्या पाण्यातून काढून भाजलेला कड्यासारखा पाव. सतराव्या शतकापासून पोलंडच्या ज्यूंमध्ये त्याचे उल्लेख सापडतात. खारवलेला सॅमन विपुल झाला तो अमेरिकन रेल्वेने पॅसिफिक किनाऱ्याची पिंपे पूर्वेकडे आणू लागल्यावर. मलईचे चीज १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या दुग्धव्यावसायिकांनी बाजारात आणले. तिघांची गाठ पडली ती न्यूयॉर्कमध्येच, आणि रविवारच्या सकाळी हे ताट जणू सनातन असल्यासारखे मांडले जाऊ लागले. बेगल हाताने वळणाऱ्या कारागिरांची संघटना इतकी बळकट होती की जवळपास तीनशे सदस्यांची ती तुकडी शहराची न्याहारी अडवू शके. १९६० च्या दशकात बेगल वळणारे यंत्र आले, गोठवलेले बेगल देशभर गेले आणि संघटना संपली. पदार्थ सर्वांचा झाला, कारागीर उरला नाही.

उरलेली दुकाने

१९४५ नंतर डेलीचा अर्थ बदलला. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते; त्यांतल्या सुमारे तीस लाखांची हत्या झाली. ज्या गावांची चव म्हणून हे पदार्थ ओळखले जात, ती गावेच नाहीशी झाली. आता तुलना करायला मूळ उरले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये तयार झालेले ताट हेच मूळ ठरले.

एब लेबवोल यांचे चरित्र या बदलाची साक्ष देते. ल्वीव्हजवळ जन्म, युद्धकाळ कझाकस्तानात, मग इटलीतली निर्वासित छावणी आणि १९५० मध्ये न्यूयॉर्क. १९५४ मध्ये त्यांनी सेकंड ॲव्हेन्यूवर छोटेसे खानावळवजा दुकान घेतले. हा रस्ता पूर्वी यिडिश रंगभूमीचा. त्या नटनट्यांची नावे लेबवोल यांनी आपल्या डेलीसमोरच्या फरशांवर कोरून घेतली. तोवर यिडिश नाट्यगृहे बहुतेक बंद पडली होती आणि ती भाषा बोलणारेही विरळ झाले होते. मार्च १९९६ मध्ये दुकानाचे पैसे बँकेत भरायला जाताना लेबवोल यांचा खून झाला. २००६ मध्ये भाड्याच्या वादात ते दुकान बंद पडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा उघडले. फरशा मात्र जुन्या जागीच राहिल्या.

बाकीच्यांना असा पुनर्जन्म लाभला नाही. मुले उपनगरांत गेली, डॉक्टर-वकील झाली. पहाटे उठून मांस मुरवायला कोणी उरले नाही. चरबी आणि मिठाबद्दल वैद्यकाचे इशारे आले. सुपरमार्केटात पाकीटबंद पास्ट्रामी मिळू लागली. जागेचे भाडे वाढले. १९३७ मध्ये निघालेली कार्नेगी डेली २०१६ च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. दीड हजारांतल्या कोशेर डेली आज काही डझनांच्या पुढे जात नाहीत.

अलीकडे तरुण ज्यू आचारी पुन्हा पास्ट्रामी स्वतः मुरवू लागले आहेत, आणि 'अस्सल' पद्धत कोणती यावर त्यांच्यात वाद होतात. अस्सल याचा अर्थ गावाकडचे असा घेतला तर डेलीत अस्सल फार थोडे सापडेल. पण कोकणात नारळाने आणि पोलंडमध्ये पक्ष्याच्या चरबीने जसा एकच नियम सांभाळला, तसाच तो न्यूयॉर्कमध्ये गोमांसाच्या स्वस्त, चिवट थराने काही काळ सांभाळला. १८ सेंटचा भाव मोडून काढणाऱ्या बायकांच्या पणत्यांना ते सँडविच आजीच्या घरचे वाटते. त्या आजीचे घर न्यूयॉर्कच्या चाळीतले होते, एवढीच त्यात दुरुस्ती करायला हवी.